धाकटीचं खातं आणि ‘हिचे पालक कोण?’

अठरा पूर्ण झाली की मायनर खात्याची केवायसी नव्याने करावी लागते, सहीचा नमुनाही नवा द्यावा लागतो. हे सगळ्यांनाच लागू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यासाठी बँकेच्या दादरमधल्या एका शाखेत गेल्यावर आम्हाला जे ऐकावं लागलं त्याची.

माझ्या धाकट्या बहिणीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तिला कळतं सगळं, पण तिचं बोलणं घरच्यांखेरीज कुणाला उमगत नाही. म्हणून ती टॅबवर एका बोटाने टाइप करते आणि टॅब मराठीत बोलतो. आधी आईने पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून तक्ता केला होता, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप आलं, आणि लिहिता यायला लागल्यावर तिने सरळ कीबोर्डच घेतला. स्क्रीनवर भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवलीय. थेरपिस्ट तिला कीगार्ड म्हणतात. हात थरथरला तरी बोट हव्या त्या भोकातच टेकतं. आधार, पॅन, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सगळं तयार होतं.

टोकन लागलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म घेतला, धाकटीकडे एक नजर टाकली आणि मला विचारलं, “हिचे पालक कोण?”

“ती सज्ञान झाली म्हणूनच आलोय.”

“तसं नाही हो. कायदेशीर पालक. बोलता येत नाही ना हिला.”

इकडे धाकटी टाइप करत होती. ‘खातं माझं आहे, मला विचारा’ एवढं लिहायला तिला वेळ लागतो. तेवढ्यात बाईंनी पुढचं टोकन पुकारलंसुद्धा. टॅब बोलला तेव्हा समोर पैसे भरायची स्लिप घेऊन एक आजोबा उभे होते. “बरोबर बोलतेय पोरगी,” ते म्हणाले. शाखेत त्या दिवशी तिला उत्तर देणारे तेवढेच.

मग सुरू झालं प्रमाणपत्राचं गुऱ्हाळ. सेरेब्रल पाल्सी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येते, त्या कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते, तेव्हा ते पालकत्व प्रमाणपत्र आणा, मग बघू. नेमू शकते म्हणजे नेमायलाच हवा, हे कुठून काढलं? त्याच कायद्यात लिहिलंय की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, हे समितीने आधी तपासायचं. मी हे सांगितलं तर “साहेबांशी बोला.” साहेब ट्रेनिंगला. पुढच्या खेपेला साहेब होते, तर “लीगलला मेल टाकलाय.” नंतर लीगलकडून उत्तर नाही. एकदा तर मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, “जॉइंट खातं करा ना, तुम्हीच ऑपरेट करा, कशाला त्रास?” धाकटी दोन फुटांवर बसली होती. तिला ऐकू उत्तम येतं.

कुणी असंच अडवत असेल तर थेट कागदावर या, तोंडी वाद घालून काही होत नाही. आम्ही धाकटीच्या नावाने अर्ज केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १३: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा हक्क आहे. त्याच कायद्यात संवादाची व्याख्या देताना पूरक आणि पर्यायी साधनंही धरली आहेत, म्हणजे टॅबमधून बोललेलं हे बोलणंच. शेवटी एकच मागणी होती: खातं नाकारत असाल तर कारण लेखी द्या. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच मागितली. शिक्का मारताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेही अर्जात लिहिलं होतं. ती वेळच आली नाही. आठवड्याच्या आत साहेबांनी बोलावलं.

केबिनमध्ये मी मुद्दाम तिच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले, म्हणजे साहेबांना बघायला तीच समोर. त्यांनी सवयीने मान वर करून मला विचारलं, “खात्यात साधारण किती ठेवणार?” मी म्हटलं, तिला विचारा. साहेब थांबले. धाकटीने सावकाश टाइप केलं. टॅब बोलला, “आधी व्याजदर सांगा.”

साहेब हसले आणि दर सांगितला. धाकटीने पुढे विचारलं, “एफडीवर?” मला तिथेच शिट्टी मारावीशी वाटली.

सहीऐवजी तिने अंगठा दिला. सही जमत नसलेल्या आजारी किंवा असमर्थ खातेदारांचा हाताचा किंवा पायाचा अंगठा घेता येतो. साक्षीदार दोन लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. दुसरा, बँकेच्या ओळखीचा साक्षीदार सोबत न्या, नाहीतर तेवढ्यासाठी आणखी एक फेरी पडते.

हो, एक राहिलं. टॅबचा आवाज बँकेच्या गोंगाटात ऐकूच येत नाही, लहानसा ब्लूटूथ स्पीकर न्या. ‘मी टाइप करतेय, थांबा’ हे वाक्य आधीच सेव्ह करून ठेवा, एका बोटात बोललं जातं. सोबत जाणाऱ्याने तिचं वाक्य स्वतः पुरं करू नये, समोरचा कितीही घड्याळ बघत असला तरी. पेन्शनच्या आठवड्यात जाऊ नका. आणि पुठ्ठ्याचा तक्ता अजूनही पिशवीत असू द्या, कारण पावसात टॅब बाहेर काढवत नाही आणि चार्जिंग नेमकं रांगेतच संपतं.

आता नवी कटकट: कस्टमर केअर. कार्डाबद्दल फोन केला की पलीकडचा माणूस “खातेदारालाच बोलू द्या” म्हणतो आणि टॅबचा आवाज ऐकला की मशीन समजून फोन ठेवतो. डिजिटल केवायसी दिव्यांगांना करता आली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात बजावलंय. हेल्पलाइनचं मात्र अजून हे असं. खातेदाराने चॅटवर ओळख पटवली तर ती धरावी, असा अर्ज धाकटीने या वेळी एकटीने टाइप केलाय. पोच घेऊन ठेवली आहे.