चॅनेलचा विषय कसा ठरवला: किल्ले, शेअर मार्केट, रेसिपी आणि शेवटी सातबारा (माझा अनुभव)

नोकरी सांभाळून यूट्यूब चॅनेल आणि जोडीला ब्लॉग काढायचा हे माझं पक्कं होतं, मोबाईल बरा होता, कॉलर माइक घेऊन ठेवला होता, घोडं अडलं होतं ते फक्त विषयावर. बऱ्याच जणांचं इथेच अडतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी मूळ जुन्नर तालुक्यातला, नोकरी चाकणला एमआयडीसीत, स्टोअरमध्ये, शिफ्ट ड्युटी. म्हणजे हातात वेळ किती तर जेवण झाल्यावरचा तास-दीड तास आणि सुट्टीचा दिवस. हे आधीच सांगतो कारण विषय निवडताना आपण आवड बघतो, कमाई बघतो, पण आपल्याकडे वेळ कधी आणि कसा असतो हे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते निम्मे चॅनेल तिथेच बंद पडतात.

जुन्नरचा म्हटल्यावर सगळे एकच म्हणाले, किल्ल्यांचं कर. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, खाली नाणेघाट, सगळं घराच्या अंगणात असल्यासारखं, आणि मला मनापासून आवड पण आहे. पण एका व्हिडिओला अख्खी सुट्टी जाणार, पेट्रोल जाणार, शिफ्ट बदलली की सगळं कोलमडणार. शिवाय या किल्ल्यांवर इतक्या भटक्या लोकांनी इतकं सुंदर शूट करून ठेवलंय की मी जाऊन त्यात नवीन काय भर घालणार याचं उत्तर मला मिळेना. आवड असलेली प्रत्येक गोष्ट चॅनेलवर आणलीच पाहिजे असं काही नाही, मी किल्ल्यावर अजूनही जातो, निवांत जातो.

मग शेअर मार्केट. फायनान्सच्या विषयाला जाहिरातींचे दर चांगले मिळतात म्हणून सगळे तिकडे पळतात. पण सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आता नियम कडक केलेत, नोंदणी नसताना कोणता शेअर घ्या, कोणता विका हे सांगता येत नाही आणि शिकवायचं म्हटलं तरी ताजे भाव दाखवून शिकवायला बंदी आहे, जुनेच भाव वापरायचे. आणि ते बरोबरच आहे, लोकांच्या घामाच्या पैशाचा प्रश्न आहे. माझा तो अभ्यास नाही, सोडून दिलं. मोबाईल रिव्ह्यू पण सोडले, कारण नवीन फोन आला की बघणारा सरळ हिंदीत बघतो. आई म्हणाली, "अरे मी मासवड्या करते ना, त्या टाक की." आईच्या हाताला तोड नाही, पण तिला कॅमेऱ्यासमोर दर आठवड्याला उभं करायचं आणि दमवायचं हे मला पटेना.

मग एका रात्री व्हॉट्सअ‍ॅप उघडून फक्त बघत बसलो की लोक मला स्वतःहून काय विचारतात. आणि त्यात सगळे सातबारेच सातबारे. झालं असं होतं की वडील गेल्यावर जमिनीची वारस नोंद मीच केली होती, म्हणजे अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार नोंद (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) पडली, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली आणि मग कुठे सातबाऱ्यावर आमची नावं आली. ते सगळं एकेक पायरी विचारत विचारत शिकलो. तेव्हापासून भावकीतलं, गावातलं कोणीही उताऱ्याचा फोटो टाकून विचारतं. चुलत्यांचा मेसेज असा होता, "बाळा ०.६१.०० म्हंजी किती गुंठं रं?"

आता बघा, या एका प्रश्नात किती काय आहे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं आणि गावात बोलताना सगळे एकर-गुंठ्यात बोलतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एकर. तर ०.६१ म्हणजे ६१ आर, म्हणजे साठ गुंठ्यांच्या थोडं वर, दीड एकर. चुलत्यांनी आयुष्यभर ती जमीन कसली, त्यांना बांध न बांध माहीत आहे, पण कागदावर तीच जमीन वाचता येत नाही. मला ते फार लागलं. तिथेच ठरलं म्हणा ना.

आणि दुसरी गोष्ट लक्षात आली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा विषय मराठीतच सांगावा लागतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही, नमुना सहा फेरफार, आठ-अ खाते उतारा, भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २, पोटखराबा (जमिनीतला लागवडीला योग्य नसलेला भाग), इतर हक्क, हे सगळे शब्द आपल्या राज्याच्या महसुली कागदातले. फोनच्या रिव्ह्यूसाठी माणूस हिंदी चॅनेलवर जाईल पण पोटखराबा समजून घ्यायला कुठे जाणार? मराठीत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याने विषय निवडताना हे नक्की बघावं की मराठी इथे गरजेची आहे का नुसती भाषांतराची.

तरी लगेच उडी मारली नाही. वहीत किल्ल्यांच्या व्हिडिओंची नावं लिहायला घेतली तर काही पानांनंतर नुसती गडांची यादी उरली. सातबाऱ्याचं उलटं झालं, एका नावातून दुसरं निघत गेलं, बहिणीचं नाव कसं लावायचं, विहिरीची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा बोजा फिटला तरी उताऱ्यावर का दिसतो, संपतच नाही. मग यूट्यूबच्या सर्चमध्ये शब्द टाकून खाली काय काय सुचवतंय ते बघितलं. लोक सातबारा इंग्रजी अक्षरांत, वेगवेगळ्या स्पेलिंगने, नाहीतर नुसते आकडे टाकून शोधतात, त्यामुळे टायटल देवनागरीत ठेवलं तरी डिस्क्रिप्शनमध्ये ती रूपं टाकायला लागतात.

व्हिडिओत काय आणि ब्लॉगवर काय, हे ठरवायला पण वेळ गेला. यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून दुसरा टाकता येत नाही, ब्लॉग मात्र कधीही दुरुस्त करता येतो. म्हणून जे बदलत नाही ते व्हिडिओत, म्हणजे उतारा कसा वाचायचा, फेरफार म्हणजे काय, गुंठ्याचा हिशोब. आणि जे बदलतं ते ब्लॉगवर, फी (डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो), कागदपत्रांची यादी, ई-हक्कवर (फेरफाराचा ऑनलाइन अर्ज करायची सरकारी वेबसाइट) अर्ज भरायच्या पायऱ्या, ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधले बदल. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून पिकाची नोंद करायची, आणि त्यातलं बटण जरी हललं तरी जुना व्हिडिओ बघणारा माणूस शेतात अडकून बसतो. तो ब्लॉगवर आला तर त्याला आजचं उत्तर मिळायला पाहिजे.

काही गोष्टी करायच्या नाहीत हेही तेव्हाच ठरवलं. कोणाचाही उतारा स्क्रीनवर दाखवताना नाव, गट नंबर, खाते नंबर ब्लर करायचं, अगदी स्वतःच्या घरातला असला तरी. कोणाच्या भावकीच्या वादात मत द्यायचं नाही, तिथे वकील गाठा असं स्पष्ट सांगायचं. आणि काम करून देतो म्हणून पैसे घ्यायचे नाहीत. लोक विचारतात, चांगले पैसे देतो म्हणतात, पण एकदा तो रस्ता धरला की चॅनेलवर खरं बोलणं अवघड होतं.

पैशाचं म्हणाल तर गणित साधं आहे. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, म्हणून मी शॉर्ट्समध्ये एकच छोटा प्रश्न सोडवतो आणि खाली मोठ्या व्हिडिओची लिंक देतो. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपला. माझं मॉनेटायझेशन अजून व्हायचंय, घाई पण नाही, कारण हा विषय रात्री जेवणानंतर खोलीत बसून होतो, पाऊस असो का नाईट शिफ्टचा आठवडा असो.

सध्या पोटखराब्याच्या व्हिडिओचं एडिटिंग चालू आहे, वर्ग अ आणि वर्ग ब मधला फरक. अवघड आहे सांगायला, दोनदा स्क्रिप्ट बदलली, आता चुलत्यांना फोनवर वाचून दाखवणार आणि त्यांना कळलं की मगच रेकॉर्डिंग.