सील बदललं आणि विडरची ताकदच गेली, शेवटी सापडलं ते असं

आमचं शेत पलूस तालुक्यात, काळी जमीन, जुलैत लावलेला आडसाली ऊस, साडेचार फुटी सरी. सप्टेंबरात बाळभरणीच्या, म्हणजे लहान उसाच्या बुडाला माती लावायच्या तोंडावर पॉवर विडर (सरीतली माती रोटरनं खणायचं यंत्र) गळायला लागला. सात एचपीचं पेट्रोल इंजिन आहे, 212 सीसी, फोर स्ट्रोक. दोरी ओढायच्या बाजूनं ऑइल यायचं, म्हणजे मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरचं, ठिणगी पाडणारं चुंबकाचं चाक) मागचं क्रँकचं सील गेलेलं. गॅरेजला दिला, सील बदलून दुसऱ्या दिवशी आणला, तिथं चालू करून बघितला तर आवाज एकदम गोल. शेतात घातला, पहिल्या दोन-तीन सऱ्या झकास मारल्या आणि मग हळूहळू असं झालं की रोटर मातीत टेकला की इंजिनचा दम जायचा, दांडा उचलला की परत पळायचं. मोकळं चालवलं तर काहीच दोष दिसत नाही, पण लोड घेतच नाही.

परत गॅरेजला नेला तर कार्बोरेटर साफ करून दिला, फरक शून्य. पाऊस उघडून चार दिवस झालेले, वापसा आलेला, आमची माती एकदा वाळून टणक झाली की विडर नुसता उड्या मारतो, त्यामुळं गॅरेजच्या खेपा घालायला वेळ नव्हता. म्हटलं आता घरीच एकेक बघू.

आधी टाकीचं झाकण सैल करून चालवलं, कारण झाकणाचं भोक बुजलं तर पेट्रोल उतरत नाही, ते नव्हतं. एअर फिल्टर काढून चालवलं, तेही नाही. प्लग काढला तर फिकट तपकिरी, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बरोबर होतं. दोरी ओढताना कॉम्प्रेशन चांगलं लागत होतं. मग गव्हर्नरवर (लोडप्रमाणं थ्रॉटल आपोआप कमी-जास्त करतो तो) संशय, पण भावाला विडर मातीत दाबायला लावून मी कार्बोरेटरकडं बघत बसलो, लोड आला की गव्हर्नरचा दांडा कार्बोरेटरची बटरफ्लाय झडप पूर्ण उघडत होता. म्हणजे इंजिन पेट्रोल-हवा सगळं घेतंय पण त्यातनं ताकद निघत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी मोजल्या, माझ्या इंजिनला थंड असताना इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिलिमीटर पाहिजे, एक्झॉस्ट थोडा टाइट निघाला तो सेट केला, तरी तेच रडगाणं.

त्यादिवशी अंधार पडता पडता शेवटची ट्रायल घेतली आणि तेव्हा दिसलं, सायलेन्सरचा बुडखा मंद लालसर झालेला, आणि थ्रॉटल सोडला की आत फट फट आवाज. दिवसा उन्हात हे कधीच दिसलं नसतं.

मामांना फोन केला. मामा कारखान्यात फिटर होते, आता रिटायर आहेत. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली तेव्हापासून आमच्या भागात घराघरात कोण ना कोण टर्नर-फिटर झालाय, ती माणसं आजही फोनवर आवाज ऐकून दोष सांगतात. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅग्नेट काढल्तं का रं त्यानं?" मी म्हटलं, "मामा, काढल्याशिवाय सील बसतंय होय?" "मग चावी बघ. टायमिंग मागं पडलंय. जाळ उशिरा पडतोय, तो सायलेन्सरात जळतोय." चावी म्हणजे मॅग्नेट शाफ्टवर नेमक्या जागी बसावा म्हणून खाचेत घालतात तो लोखंडाचा बारका तुकडा.

खोलायच्या आधी खात्री करायची एक युक्ती त्यांनी सांगितली. शेजारच्या दादांकडं याच मॉडेलचा विडर आहे. दोन्हीचे प्लग काढले, भोकातनं स्ट्रॉ घालून पिस्टन एकदम वर आणला, आणि मॅग्नेट कॉइलपासून किती पुढं गेलाय तिथं खडूनं खूण केली. दादांच्या मशीनपेक्षा माझा मॅग्नेट जवळजवळ दीड सेंटीमीटर मागं होता! तिथंच कळलं.

मॅग्नेटचा नट पान्यानं फार जोर न लावताच सुटला. पुलर लावून मॅग्नेट ओढला आणि ती चावी हातात आली, नखाएवढी, अर्ध्या चंद्रासारखी, मधोमध पायरी पडलेली. वरचा भाग खालच्या भागापासून दीडेक मिलिमीटर सरकलेला. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण शाफ्ट तिथं 20 मिलिमीटरचा आहे, म्हणजे घेर त्रेसष्टच्या आसपास, एक मिलिमीटरला जवळपास सहा अंश पडतात. या जातीच्या इंजिनात ठिणगी पिस्टन वर यायच्या साधारण 20 अंश आधी पडायला पाहिजे, माझ्याकडं ती 11-12 वर आलेली.

मामा संध्याकाळी स्वतः आले आणि मूळ कारण त्यांनी बोटानं दाखवलं, टेपरवर, म्हणजे मॅग्नेट बसतो त्या शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, ऑइलचा थर. जुनं सील गळत होतं ते ऑइल तिथं तसंच राहिलेलं, त्यावर मॅग्नेट बसवलेला आणि नटही कमी आवळलेला. मला वाटायचं चावीच मॅग्नेटला धरून ठेवते. तसं नाही, धरतो तो टेपर, कोरडा टेपर नटानं दाबून बसला की ती पकड हलत नाही, चावी फक्त बसवताना जागा दाखवायला. पकड गेली की सगळा झटका चावीवर येतो आणि ती एवढीशी चावी तो किती सोसणार.

मग सांगलीत शंभर फुटी रोडला जाऊन चावी आणली. टेपर आणि मॅग्नेटचं भोक पेट्रोलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, बारीक व्हॉल्व्ह पेस्ट (घासायची खरखरीत पेस्ट) लावून मॅग्नेट चावीशिवाय हातानं मागंपुढं घासला, दोन्हीवर सारखा राखाडी रंग आला तसं परत धुतलं. हे घासणं घाईत उरकू नका, खरा फरक इथंच पडतो. टॉर्क पाना कारच्या गॅरेजवाल्या मित्राकडनं आणला, पुस्तकात 75 न्यूटन मीटर दिलंय तेवढा नट आवळला, कॉइलचा गॅप फिलर गेजनं 0.4 ठेवला.

दुसऱ्या ओढीला चालू झालं. सकाळी शेतात घातला, रोटर पूर्ण खोल सोडला, आवाज थोडा जड झाला आणि लगेच सावरला. वापसा होता तोवर दोन दिवसात तीस गुंठे भरणी उरकली.

गॅरेजवाल्याला चावी नेऊन दाखवली, त्यानं हातात घेऊन नीट बघितली आणि मजुरीचे पैसे परत दिले. नट आणि मॅग्नेटवर मिळून मी ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवली होती. दहा तास चालल्यावर कव्हर काढून बघितलं, रेघ केसभरही सरकली नव्हती आणि सीलच्या कडा कोरड्या होत्या.