बघ्यांच्या बाजूने

काही कामे अशी असतात की ती करणारा एक असतो आणि पाहणारे दहा, आणि तरीही त्या दहांपैकी एकालाही आपण रिकामटेकडे आहोत असे वाटत नाही. वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन चालू करून पाहणे हे त्यांतले पहिल्या पंगतीचे काम. माझा स्वतःचा यंत्रांशी संबंध इतकाच की नोकरीच्या काळात स्कूटर तिरकी करून किक मारणे मला जमत असे. तिचा प्लग काढून काचपेपरने घासण्याचे काम शेजारच्यांकडे होते. असे असूनही परभणीच्या रस्त्यावर कोणी पाने पसरून एखाद्या उघड्या इंजिनासमोर उकिडवा बसलेला दिसला, की माझे पाय थांबतात, पिशवीतली मेथी सुकते आणि घरी पोचल्यावर उशिराचे खरे कारण सांगता येत नाही.

गेल्या पौषात ही हौस पोटभर भागली. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी, चुलतभाऊ अण्णांच्या विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत, एक जुने डिझेल इंजिन ३५ वर्षांहून अधिक काळ मुके बसले होते. अण्णांनी ते भंगारात द्यायचे ठरवले, भंगारवाला टेम्पो घेऊन आला, किलोचा भाव ठरला, आणि माणसे इंजिनाला दोर बांधू लागली तेव्हा अण्णांच्या मनात काय आले कोण जाणे, ते म्हणाले, "एकदा चालू होऊन जाऊ द्या, मग न्या." भंगारवाल्याने टेम्पोच्या भाड्याबद्दल थोडी कुरकुर केली, पत्रे आणि दोन जुन्या बॅटऱ्या टेम्पोत टाकल्या आणि जाताना बजावले, "ज्या दिवशी हँडल मारणार त्या दिवशी मला फोन करा, बघायला येतो."

हे इंजिन १९७१ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, बैलगाडीतून आले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आडवा पिंप उभा करावा तसे सिलिंडर आणि दोन्ही अंगांना दोन जड चाके, असे त्याचे रूप होते. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या आसपास जी संथ चालीची इंजिने काढली, त्यांचा साचा पुढे राजकोटच्या कारखानदारांनी उचलला आणि तिथे ओतलेली ही इंजिने देशभरच्या विहिरींवर जाऊन बसली. साताऱ्याच्या कूपरांची आणि पुण्याच्या किर्लोस्करांची इंजिनेही पंचक्रोशीत होतीच, आणि कोणाचे इंजिन सरस यावर पारावर जे वाद होत ते आज निवडणुकीवर होणाऱ्या वादांपेक्षा अधिक माहितीने होत. आमचे इंजिन ६ अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५० फेऱ्यांचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच जाळ होतो, म्हणजे मिनिटाला ३२५ ठोके, सेकंदाला पाचाहून थोडे अधिक. हे गणित मी फार पुढे केले. पण भार वाढून पट्टा ओढताना तो ठोका मंदावला, की घरात जेवत बसलेले तात्या हातातला घास तसाच ठेवून कान देत, हे मला आजही दिसते.

मोट सुटली ती या इंजिनामुळे. त्याच्या पाण्याच्या पिशवीतून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरून येणारे पाणी चांगले कोमट असे आणि थंडीत आम्ही पोरे त्या नळीखाली आंघोळ करीत असू. पुढे विहिरीवर वीज आली, मोटार बसली, आणि इंजिनाचे काम मोटार जळाल्यावरचा आधार एवढेच उरले. काही वर्षांनी तेही उरले नाही.

मिस्त्री गंगाखेडहून आले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा; सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो. ते स्वतःच्या जुन्या लुनावर आले होते आणि ती लुना दर वेळी ढकलतच चालू करावी लागते, पण याबद्दल त्यांना छेडण्याचे धाडस कोणी करीत नाही. त्यांनी आल्याबरोबर इंजिनाला हात लावला नाही. आधी सायलेन्सरची नळी पाहिली, तिच्या तोंडाशी बोट फिरवले आणि अण्णांना विचारले, "याच्यावरचा डबा कुठंय?" डबा वाऱ्याने कधीच उडून गेला होता. चाचांनी मान हलवली. नंतर हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, उघडल्यावर त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ कळला: इंजिन शेवटचे थांबले तेव्हा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व उघडाच राहिलेला होता, आणि त्या उघड्या नळीतून तीसएक पावसाळे थेंबाथेंबाने पिस्टनवर उतरले होते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांचा गंजाने एक जीव झाला होता. डिझेल जिथून आत फवारले जाते त्या नोजलच्या नळीच्या सुट्या टोकात कुंभारमाशीने मातीचे बूच मारले होते, ते वेगळेच.

त्या दिवशी पाहण्यासारखे एवढेच झाले की चाचांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि हात पुसले. "आठ दिस पिऊ द्या त्याला," ते म्हणाले. जमलेली माणसे हिरमुसली नाहीत, हे मला विशेष वाटले. डॉक्टरने रोग सांगितल्यावर नातेवाइकांना येतो तसा एक समाधानाचा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

त्या आठ दिवसांत मी बराच विचार केला की यात आपल्याला एवढे काय आवडते. डिझेल इंजिनाला लागते तरी काय? त्याला ठिणगी लागत नाही, प्लग लागत नाही. हवा आत घ्यायची, ती पिस्टनने आवळायची, आवळल्याने ती ५०० अंशांच्याही वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने डिझेलचा फवारा आत मारायचा. तो आपणच पेटतो. हवा, दाब, डिझेल आणि वेळ. या चारांपैकी काहीतरी चुकले असेल तरच इंजिन गप्प राहते, आणि काय चुकले ते हाताने, कानाने, नाकाने शोधता येते. आमच्याकडे गप्प राहणाऱ्या गोष्टींची काही वाण नाही. मृगाचा पाऊस का आला नाही, पाळीने रात्री येणारी वीज मध्येच का गेली, अर्ज कोणत्या टेबलावर अडला, यांची कारणे असतीलच. पण ती बांधापर्यंत येत नाहीत. इंजिन चालू न होण्याचे कारण मात्र तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, त्या लोखंडात बसलेले असते आणि पाना असलेला माणूस त्याला बाहेर काढू शकतो. म्हणूनच बघ्यांपैकी प्रत्येक जण सल्ला देतो. ज्याचा जबाब मिळणार हे नक्की असते, त्यालाच प्रश्न विचारण्यात गंमत असते.

रात्री झोप आली नाही की मी मोबाइलवरही हेच पाहतो. कुठल्यातरी परदेशी खेड्यात कोठाराच्या कोपऱ्यातून कोणी एखादे गंजके इंजिन ओढून काढतो आणि तासभर तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्याच्याशी झटतो. त्याची भाषा मला कळत नाही आणि अडतही नाही. जे व्हिडिओ अर्ध्या तासात गंजाचे सोने करून दाखवतात, शेवटी लाल रंग आणि पितळेची पट्टी चमकवतात, ते मात्र मला पाहवत नाहीत. त्यांतले काही तर मुद्दाम गंजवलेले असतात म्हणे. फसलेले प्रयत्न त्यातून कापून टाकलेले असतात, आणि मला तर तेच पाहायचे असतात. सुटलेल्या गाठीपेक्षा नख लावून गाठ सोडवणारी बोटे अधिक पाहण्यासारखी असतात, असे माझे मत आहे. घरात ते कोणाला पटलेले नाही.

खुद्द रुडॉल्फ डिझेलचे पहिले इंजिनही असेच झटापटीतून चालू झाले होते. ऑग्जबर्गच्या कारखान्यात १८९३ साली त्याने ते उभे केले आणि पहिल्याच चाचण्यांत त्याचा स्फोटासारखा आवाज होऊन सुटे भाग उडाले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही सुमारे एक मिनिट. भरवशाचे इंजिन व्हायला १८९७ साल उजाडले. मधली वर्षे तो आणि त्याचे फिटर त्या लोखंडासमोर उभे असणार. त्या कारखान्यातही दाराशी थांबून पाहणारे आपले काही जातभाई नक्की असतील.

आठव्या दिवशी चाचांनी पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवला आणि त्यावर घण, पण जोराने नव्हे, दार ठोठवावे तसा चालवला. दुसऱ्या दोघांनी चाकाच्या आऱ्यांत वासा अडकवून रेटा दिला. पाऊण तास काही हलले नाही. मग सुपारी फुटल्यासारखा एक बारीक आवाज झाला आणि चाक बोटभर सरकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दोन पावले पुढे आले. नंतरचे काम कळण्याजोगे पण सांगण्याजोगे नव्हते: रिंगा सुट्या करणे, व्हॉल्व घासून बसवणे, नवे गॅस्केट, टाकीतला चिखल. नोजल मात्र सांगितले पाहिजे. ते साफ करून चाचांनी नळीला जोडले, पंपाची कळ हाताने दाबली आणि कान जवळ नेला. पहिल्या चार-पाच दाबांना नुसतेच बुडबुडे आले, कारण नळीत हवा धरली होती. मग एका दाबाला ते कर्र असे करकरले आणि बारीक धुके उडाले. "बोललं," चाचा म्हणाले.

प्रत्यक्ष हँडल मारायला तिसरा दिवस ठरला. भंगारवाला खरोखरच आला, तोही मुलाला घेऊन. शाळा सांभाळून गुरुजी आले. ज्याच्या-त्याच्या आजोबांकडे असेच इंजिन होते असे निष्पन्न झाले. सकाळची थंडी होती, शेजारच्या रानात हुरड्याची भट्टी लागली होती, आणि तिथलीही माणसे तोंड पुसत इकडे आली. अण्णांच्या मुलाने, पंचविशीच्या प्रतापाने, हँडल हातात घेतले तेव्हा चाचांनी त्याचा अंगठा उचलून चार बोटांच्या बाजूला ठेवला. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. व्हॉल्व उचलून धरणारी कळ चाचांच्या हातात होती; ती उचललेली असताना चाक मोकळे फिरते, आणि वेग आल्यावर ती सोडली की दाब बसतो व पहिला ठोका पडतो. निदान पडायला हवा.

पहिल्या वेळी पडला नाही. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून पांढुरक्या धुराचा एक पुंजका निघाला. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही, हे आम्हाला गुरुजींनी समजावून सांगितले, आणि ते बरोबरही होते. पाचव्या-सहाव्या वेळी एकच ठोका पडला, जमीन हादरली, सगळ्यांच्या तोंडून एकदम "हां" निघाले, आणि चाक परत मंद होत थांबले. या एका ठोक्यानंतरची शांतता मला सगळ्यांत प्रिय आहे. तोवर लोखंड असते. त्या ठोक्यापासून ते आपल्याशी बोलणे लावते. एका पोराने "बंद पडलं का?" असे विचारले, तर चाचा म्हणाले, "बंद नाही. इचार करायलंय."

चहा घेऊन आलेल्या वहिनी हे सगळे मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "थंडीत त्याला बोळा दाखवावा लागायचा." अण्णांनी कपाळावर हात मारला. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीचा बोळा पेटवून हवा आत घेणाऱ्या तोंडाशी धरायचा, म्हणजे ऊन हवा आत जाते. ही गोष्ट चाचांनाही ठाऊक होती, पण या इंजिनाला ती पहिल्यापासूनच लागत असे हे एका वहिनींनाच ठाऊक होते. लग्न होऊन आल्यावर दहा वर्षे थंडीच्या पहाटे अण्णा हँडल मारीत आणि कळ सोडण्याचे काम त्यांचे असे. चाचांनी काही न बोलता कळीवरचा हात काढला आणि बाजूला झाले.

वहिनींनी पदर खोचला. बोळा पेटला, प्रतापने हँडल फिरवायला सुरुवात केली, चाके घुमू लागली. "सोडा," चाचा म्हणाले. "अजून नाही," वहिनी म्हणाल्या, आणि आणखी चार फेऱ्या होऊ देऊन त्यांनी कळ सोडली. एक ठोका. मग एक चुकला. मग दोन लागोपाठ, मग काळ्या धुराचा लोट, आणि मग तो ठोका जुळला. पत्र्याच्या भिंती थरथरू लागल्या, पोरे ओरडू लागली, भंगारवाल्याने मुलाला खांद्यावर घेतले. अण्णा विहिरीकडे तोंड करून उभे होते.

टाकीत चाचांनी लिटरभरच डिझेल घातले होते. ते संपेपर्यंत कोणी हलले नाही. ठोके विरळ झाले, चाके आणखी थोडा वेळ निःशब्द फिरत राहिली आणि थांबली. भंगारवाला अण्णांजवळ गेला, पण भावाचे काही बोलला नाही. चाचांना आपल्या टेम्पोत बसवून गंगाखेडला सोडतो म्हणाला, लुनासकट. निघण्यापूर्वी चाचांनी हाताने चाक हळूहळू फिरवले, दोन्ही व्हॉल्व बंद झाल्याची खात्री करून ते तिथेच सोडले, आणि वहिनींनी घरातून आणलेला डालड्याचा रिकामा डबा सायलेन्सरच्या नळीवर पालथा घालून वरून तार आवळली.