पद्मिनी पाळायची तर

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली आणि तेव्हापासून या गाडीवर सगळ्यांचं प्रेम उतू चाललंय. लग्नाच्या फोटोत पद्मिनी, कॅफेच्या दारात पद्मिनी. प्रेमाला हरकत नाही. पण घेणारे बरेच जण रंग बघून गाडी घेतात, पहिल्याच मे महिन्यात बोरघाटात बॉनेट उघडून उभे राहतात आणि ‘ही गाडी गरमच होते’ म्हणून मोकळे होतात. माझं मत उलट आहे. इतकी सरळ गाडी मिळणं कठीण. तिची बहुतेक दुखणी उष्णतेपाशी येऊन थांबतात हे खरं, पण ती उष्णता येते माणसांच्या आळसातून.

ओळख थोडक्यात. मूळची इटलीची फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून ती ‘डिलाइट’ म्हणून काढली, मग काही काळ ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून ‘पद्मिनी’. त्याआधीची गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ वेगळी, तिचं प्रकरण इथे नको. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. हे ॲल्युमिनियम लक्षात ठेवा.

घेताना आधी पत्रा बघा, इंजिन नंतर. इंजिन बांधून मिळतं, सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालचे बॉक्स, पायाखालचा फ्लोअर आणि मागचे पाटे जिथे बॉडीला बसतात ती जागा गंजली असेल तर वरचा चकचकीत रंग शून्य कामाचा. कार्पेट उचलायला लावा, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा बघा आणि कडेकडेने लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी थापलेली आहे. कोकणातून आलेली गाडी असेल तर खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितल्याशिवाय पैशाची भाषाच करू नका.

आता पेट्रोल. सध्याच्या सगळ्या भानगडी इथे आहेत. पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला. म्हणजे इंजिन तापलं की पंप तापतो. हा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, आणि ओढलेलं पेट्रोल गरम नळीत लवकर उकळतं. वाफ झाली की पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, नुसता वाफच दाबत बसतो, कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी चढावर आचके देत बंद. यालाच आपल्याकडे ‘एअर लॉक’ म्हणतात. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबणं हा जुना उपाय आजही चालतो. नळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावणारे अजून भेटतात. त्याने नळीला चिमटे लागतात, एवढंच.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. त्याने तीन गोष्टी होतात. मिश्रणाला वाफ लवकर धरते. जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचून आतून गंज धरतो. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला आणि पंपाला इथेनॉल सोसणारा डायाफ्राम टाका. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) जवळून जात असेल तर लांब घ्या. पंपाखालचा उष्णता अडवणारा जाड स्पेसर कुणी काढून टाकलाय का तेही बघा.

डायाफ्रामचं एक दुखणं बाहेरून दिसत नाही. तो फाटला की पेट्रोल सरळ खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून नाकाला लावा. पेट्रोलचा वास येतोय आणि ऑइलची पातळी आपोआप ‘वाढलीय’, तर गाडी अजिबात चालू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. डायाफ्राम बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग सेल्फ मारा.

इलेक्ट्रिक पंप लावावा का? घाटात नेहमी जात असाल तर लावा, पण टाकीजवळ आणि कमी दाबाचा, दोन ते तीन पीएसआयच्या आत. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर सोलेक्स कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल तो दाब पेलणार नाही, पेट्रोल वरून वाहील आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड आहे. धडक बसली की करंट तोडणारा स्विच त्याच्यासोबत हवाच. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ करताना आत तार घालणाऱ्या मेकॅनिककडे पुन्हा जाऊ नका. हवा मारायची. तारेने भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेज कुठे गेलं म्हणून शोधत बसावं लागतं.

उष्णतेचं दुसरं उगमस्थान म्हणजे पॉइंट, ठिणगीसाठी करंट तोडणारी डिस्ट्रिब्युटरमधली कळ. पॉइंटची टाच फिरणाऱ्या कॅमवर घासून झिजते, तशी पॉइंटच्या दोन टोकांमधली फट कमी होत जाते. फट कमी झाली की टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढत नाही आणि तापते. लोक रेडिएटर खोलून बसतात, आणि दोष असतो डिस्ट्रिब्युटरमध्ये. टाच कॅमच्या टोकावर येईपर्यंत इंजिन फिरवा, फिलर गेजने साधारण 0.4 मिमी फट ठेवा, स्क्रू कसा आणि पुन्हा मोजा, कारण कसताना फट हमखास हलते. कॅमला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस. फट बदलली की टायमिंगही तपासायचं, नाहीतर केलेलं काम अर्धंच. पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बघा. थंड असताना नीट चालून तापल्यावर दगा देणं ही त्याची खोड आहे.

पाण्याचं सोपं आहे, तरी तिथेच जास्त हाल होतात. बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतो. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड एकत्र आले की साध्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून कूलंटच. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट मेकॅनिक लोक सवयीने काढून टाकतात. परत बसवा. तो नसला की थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही, चोक ओढलेलाच राहतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. काटा लाल रेषेकडे गेला तर थांबा. ‘घाटमाथा आलाच’ म्हणून रेटलेली गाडी हेड वाकवते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर बहुतेक हेड गॅस्केट गेलं.

स्टेअरिंगवरचा गिअर लोक काढून फ्लोअर शिफ्ट करून घेतात. मला हे अजिबात पटत नाही. दोष गिअरचा नसतो, लिंकेजच्या (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांच्या) झिजलेल्या बुशांचा असतो. दोन गिअर एकदम अडकून दांडा हलेनासा झाला तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि स्टेअरिंग कॉलमच्या खालचे दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणा. बुश नवे टाकले की हा त्रास जातो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय) नाही हे मात्र गृहीत धरा. चढावर चालत्या गाडीत पहिला हवा असेल तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, परत क्लच दाबून पहिला. हे जमेपर्यंत थांबून टाकलेला बरा.

उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. चारही ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. सारखा पाय ठेवलात तर तापून पकड सुटते. पावसात पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात, थोडं अंतर हलका ब्रेक धरून वाळवा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

पुढच्या चाकाचा ढिलेपणा ओळखायला चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती. किंगपिनला दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस, तेही चाक उचलून, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. भार असताना मारलेलं ग्रीस हवं तिथे पोचत नाही.

कागदांचं एवढंच: खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. गाडी 50 वर्षांची झाली असेल तर 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ची व्हिंटेज नंबर प्लेट मिळते, पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्ही खरंच चालवणार असाल तर साधं रजिस्ट्रेशनच ठेवा.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत शोधलेत तर अजून हाती लागतात. जुना भाग सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणलेला भाग बसेलच असं नाही. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, पंपाचा डायाफ्राम, हातभर पेट्रोल पाइप दोन क्लिपांसकट, पाच लिटर पाणी आणि ते फडकं.