मास्कमधून गळणारी हवा आणि अर्जातला एक रकाना

आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादकाचं प्रशिक्षण घेताना मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल, तर पुनर्परीक्षेच्या अर्जातल्या एका रकान्याने. ‘अनुत्तीर्ण होण्याचे कारण’ असं त्यावर छापलेलं होतं. ते कारण मीच भरायचं होतं आणि मला ते कोणी सांगितलेलंच नव्हतं. प्रमाणपत्र हातात येऊन बराच काळ लोटला, तरी तो अर्ज आठवला की अजून डोकं तापतं. श्वासमार्गाच्या प्रात्यक्षिकात अडकून बसलेले बरेच जण असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

लेखी परीक्षा, रक्तस्राव थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं, रक्तदाब घेणं, रुग्णाला हलवणं हे सगळं सुरळीत पार पडलं. अडकलं ते बॅग-मास्कवर, म्हणजे आपण सगळे जिला अँबू बॅग म्हणतो तिच्यावर. नाकातोंडावर मास्क बसवून, त्याला जोडलेली पिशवी हाताने दाबून रुग्णाला श्वास देण्याचं हे साधन.

परीक्षेतली परिस्थिती साधी होती. रुग्ण बेशुद्ध, नाडी लागते, पण श्वास अगदी विरळ आणि उथळ. अशा वेळी क्रम पाठ असतो. डोकं मागे झुकवून हनुवटी वर उचलायची. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर डोकं न हलवता जबडाच पुढे ढकलायचा. तोंडात डोकावायचं, उलटी किंवा रक्त असेल तर सक्शन करायचं, म्हणजे ते नळीने ओढून काढायचं. सक्शनची नळी दिसते तेवढीच आत घालायची, ती बाहेर काढतानाच ओढ द्यायची आणि प्रौढ माणसात पंधरा सेकंदांच्या वर थांबायचं नाही, कारण तेवढा वेळ त्याला हवा मिळत नसते. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडातून एअरवे, म्हणजे श्वासमार्ग उघडा ठेवणारी वाकडी नळी घालायची. मग मास्क, आणि दर ६ सेकंदांना एक श्वास, प्रत्येक श्वास एका सेकंदात, छाती वर येताना दिसेल इतकाच.

एअरवेपर्यंत सगळं बरोबर झालं. मास्क लावला, बॅग दाबली, आणि मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, छाती जागची हलली नाही. पुन्हा दाबली, तेच. परीक्षक म्हणाले, “हवा गळतेय.” वेळ संपली. पत्रकावर एकच शब्द आला, ‘पुन्हा’.

आता तो अर्ज. प्रशिक्षण केंद्राच्या कार्यालयात विचारलं, या रकान्यात काय लिहू? उत्तर मिळालं, “कारण परीक्षकांकडून घ्या.” परीक्षक बाहेरून आलेले, ते निघून गेलेले. मग त्यांचं पत्रक दाखवा म्हटलं, तर ते गोपनीय. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. ‘मास्क नीट बसला नाही’ असं लिहिलं तर परीक्षकांची सही नाही म्हणून परत आला. ‘कारण कळवलेले नाही’ असं लिहिल्यावर तर खिडकीपलीकडच्या बाईंनी तो घेतलाच नाही. “असं लिहून चालत नाही हो, मॅडम,” म्हणाल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पण या येरझाऱ्यांत पुनर्परीक्षेची तारीख निघून गेली आणि मला पुढच्या तुकडीची वाट पाहत बसावं लागलं.

चीड येण्याचं कारण फक्त वाया गेलेला वेळ नाही. छाती वर न येण्यामागे पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. डोकं पुरेसं झुकलेलं नसेल. जीभ मागे पडली असेल, म्हणजे एअरवे चुकीच्या मापाचा असेल किंवा नीट बसला नसेल. मास्कच्या कडेने हवा जात असेल. श्वासमार्गात काही अडकलेलं असेल. किंवा बॅगच सदोष असेल, तिची झडप चिकटलेली असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. मास्कची गळती असेल आणि तुम्ही डोकं आणखी मागे झुकवत बसलात, तर रुग्णाला काडीचाही उपयोग नाही. ऑक्सिजन न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, तेव्हा नेमकं काय बिघडलंय हे ओळखणं हेच या कौशल्याचं मर्म आहे. आणि जे केंद्र ते शिकवायला बसलंय, तेच ‘पुन्हा’ एवढा एक शब्द लिहून मोकळं होतं! वर्गात स्लाइड भरपूर झाल्या, पण एका मॅनिकिनभोवती अख्खी तुकडी उभी. बॅग प्रत्येकाच्या हातात जेमतेम येऊन गेली. सगळ्यात अवघड हाताचं काम सगळ्यात कमी वेळात उरकलं जातं, हे माझं ठाम मत आहे.

वाट पाहण्याच्या काळात रुग्णवाहिकेवर वर्षानुवर्षं काम केलेले एक सर भेटले. त्यांनी मला बॅग-मास्क पहिल्यापासून शिकवला. त्यांनी आधी माझी पकड पाहिलीच नाही, मास्क हातात घेतला. मास्कच्या कडेला हवेची गादी असते. ती दाबून म्हणाले, “ही मऊ पडली असेल तर भला भला माणूसही गळती थांबवू शकत नाही.” सिरिंजने तिच्यात हवा भरता येते. आमच्या केंद्रातल्या मास्कची गादी कायम पिचकलेली असायची, हे तेव्हा लक्षात आलं आणि मी आणखीच संतापले.

मग माप. मास्क नाकाच्या वरच्या हाडापासून खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खोलगट भागापर्यंत बसला पाहिजे. डोळ्यांवर चढता कामा नये, हनुवटीच्या पुढे जाता कामा नये. मास्क आधी नाकावर टेकवायचा, मग हनुवटीकडे उतरवायचा.

आणि पकड. अंगठा आणि तर्जनीने मास्कवर इंग्रजी सी अक्षराचा आकार करायचा आणि उरलेली तीन बोटं ई सारखी जबड्याच्या हाडावर ठेवायची. ही ई-सी पकड सगळीकडे शिकवतात. सरांनी जे सांगितलं ते मात्र मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, जबडा मास्कमध्ये उचलून घ्यायचा. मास्क खाली दाबला की हनुवटी छातीकडे जाते आणि उघडलेला मार्ग तुमच्याच हाताने बंद होतो. तीन बोटं हाडावरच हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभ वर ढकलली जाते.

माझे हात लहान आहेत. एका हाताने पकड टिकवताना बोटं थरथरायची. सर म्हणाले, दोघं असाल तर एकट्याने करायचंच नाही. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दोन्ही अंगठे मास्कवर पायांच्या दिशेने ठेवून बाकी बोटांनी जबडा वर ओढायचा, आणि दुसऱ्याने फक्त बॅग दाबायची. एकट्याने करणं हा नाइलाज आहे. माझ्यासारखे लहान हात असलेल्यांनी हे सुरुवातीलाच बोलून टाकावं. प्रत्यक्ष रुग्णापाशी मदतीला दुसरं कोणी असताना एकट्याने झगडण्यात काहीही शौर्य नाही.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, बॅग पूर्ण पिळायची नाही. प्रौढांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते आणि एका श्वासाला ५०० ते ६०० मिलिलिटर पुरतात. जोरात आणि भराभर दाबलं की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. घाबरल्यावर हात आपोआप वेगाने चालायला लागतो, म्हणून दोन श्वासांमधले सेकंद तोंडाने मोजा. मी अजूनही मोजते.

ऑक्सिजनची नळी जोडायला थांबून पहिला श्वास उशिरा देऊ नका. साध्या हवेतही २१ टक्के ऑक्सिजन असतो. मिनिटाला १५ लिटरने ऑक्सिजन सोडला आणि बॅगेला जोडलेली ऑक्सिजनची राखीव पिशवी फुगलेली असली की तोच आकडा शंभराच्या जवळ जातो, पण ते दुसऱ्या माणसाचं काम. आमच्या तुकडीतल्या एकीने उथळ श्वासाच्या रुग्णाला नुसता राखीव पिशवीचा ऑक्सिजन मास्क लावला होता. जो स्वतः पुरेसा श्वास घेत नाही त्याला त्याचा उपयोग नाही, त्याला आत हवा ढकलणारं कोणीतरी लागतं. आणि हृदय बंद पडल्यावर अधूनमधून येणारे आचके हे श्वास नव्हेत. नाडी लागत नसेल तर थेट छाती दाबायला सुरुवात करायची, ३० दाबांमागे २ श्वास.

दाताची कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, गाल आत जात नाहीत आणि मास्क छान बसतो. सैल असेल तर काढा. तोंडातल्या एअरवेचं माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत घ्यायचं, आणि रुग्णाला ओकारीची उबळ येत असेल तर तो घालायचाच नाही. नाकातला चालतो, पण चेहऱ्याला किंवा कवटीच्या तळाला जबर मार असेल तर तोही नको. तान्ह्या बाळाचं डोकं मोठ्यांइतकं मागे झुकवू नका, सरळ ठेवा, खांद्याखाली कापडाची घडी घाला. नाडी चालू असलेल्या बाळाला आणि लहान मुलाला दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास.

ही बॅग १९५६ साली बाजारात आली. डेन्मार्कचे भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन आणि अभियंते होल्गर हेसे यांनी ती घडवली. हात सोडला की आपोआप फुगणारी ही साधी वस्तू तेव्हापासून असंख्य लोकांना तगवत आली आहे, आणि ती वापरता येते याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

अर्जाचं पुढे काय झालं? मी केंद्रप्रमुखांना लेखी पत्र दिलं. ‘माझ्या निकालाचे कारण मला वाचून दाखवावे आणि तेच रकान्यात नोंदवावे,’ एवढंच लिहिलं, पोच घेतली आणि तिची प्रत जपून ठेवली. तोंडी विनवण्यांनी जे हललं नव्हतं ते पोच मिळाल्यावर हललं. त्यांनी परीक्षकांना फोन लावला, कारण ‘मास्कची पकड’ असं नोंदवलं गेलं आणि अर्ज स्वीकारला गेला. पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा दिली, पहिल्याच श्वासाला छाती वर आली आणि मी सुटले.

तुमच्या पत्रकावरही असा एक शब्द आला तर टेबल सोडण्यापूर्वी तिथेच, परीक्षक समोर असताना, कारण विचारा आणि सहीनिशी लिहून घ्या. आणि वेळ सुरू होण्याआधी मास्कची गादी दाबून पाहा. मऊ लागली तर दुसरा मास्क मागा, संकोच करू नका.