दोन भरलेल्या, दोन विरळ

फोनवर एकाच वेळी तिघं बोलत होते. मका उगवला नाही, बी बोगस, मशीन बोगस, भाडं मिळणार नाही, असं काहीबाही कानावर आलं. शेवटी मशीनवाल्या पोराने फोन ओढून घेतला. "मिस्त्री, तुम्ही या बघू आधी. नाहीतर ही माणसं माझं मशीन हितंच अडकवून ठेवतील."

मी पेरणी यंत्रं दुरुस्त करतो. आधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर होतो, नंतर ट्रॅक्टरच्या अवजारांची स्वतःची शेड टाकली. सुरुवातीला नांगराचे फाळ आणि रोटाव्हेटरची पाती यांवरच पोट होतं. आता मे-जून आला की न्यूमॅटिक प्लँटर, म्हणजे वाऱ्याने एकेक दाणा उचलून पेरणारं यंत्र, याशिवाय दुसरं काही सुचत नाही. खानापूरकडे भात, निपाणीकडे तंबाखू आणि सोयाबीन, पण बेळगावच्या पूर्वेला काळ्या रानात मका वाढतच चाललाय. आधी कोंबड्यांच्या खाद्याला जायचा, आता इथेनॉललाही जातो. आणि दोरी धरून मका टोकायला बायका मिळत नाहीत. त्यामुळे ज्या पोराकडे ट्रॅक्टर आहे तो अनुदानावर चार ओळींचा प्लँटर उचलतो आणि गावोगाव भाड्याने पेरत फिरतो. फोन करणारा असाच एक.

रान सांबऱ्याचा विमानतळ ओलांडून पुढे, बागलकोट रस्त्यापासून आत होतं. तीन एकर, सपाट, पाणी धरणारी जमीन. बांधावर शेतकरी अण्णा, त्यांची आई, मशीनवाला पोरगा आणि बियाण्याच्या दुकानातला माणूस. दुकानवाला कन्नडमधून भांडत होता, अण्णा मराठीतून, आणि एकाचा एक शब्दही दुसऱ्याचा चुकत नव्हता. आमच्याकडे भांडणाला दुभाषी लागत नाही.

पेरून बारा दिवस झाले होते. एकराला आठ किलो बी घातलेलं. दोन फुटांवर ओळ आणि ओळीत वीतभर अंतरावर बी, या हिशेबाने एकरी तेहतीस हजारांच्या आसपास झाडं उभी राहायला हवीत. अण्णांच्या रानात त्याच्या पाऊण पटही नव्हती.

अशा वेळी प्रत्येकजण ओळीच्या तोंडाशी उभा राहून लांबवर बघतो. तसं बघितलं की सगळं रान सारखंच विरळ दिसतं. मी ओळी आडव्या कापत चाललो. दोन ओळी भरलेल्या, पुढच्या दोन विरळ. पुन्हा दोन भरलेल्या, पुन्हा दोन विरळ. या बांधापासून त्या बांधापर्यंत हेच.

मी दुकानवाल्याला म्हटलं, तुम्ही जावा घरी, बियाण्याचा यात काही संबंध नाही. तो उलट जास्तच खुलून उभा राहिला.

बी खराब असतं तर चारही ओळी सारख्याच मार खाल्लेल्या दिसल्या असत्या. यंत्रावर प्रत्येक ओळीला बियाचा एक डबा आणि त्यात दाणा उचलणारी चकती असते. कडेच्या एखाद्या डब्याची चकती अडकली असती, तर दोन विरळ आणि मग सलग सहा भरलेल्या दिसल्या असत्या. कारण ट्रॅक्टर टोकाला वळून परत येतो तेव्हा चौथी ओळ चौथीच्या शेजारी आणि पहिली पहिलीच्या शेजारी पडते. दोनाआड दोन, याचा अर्थ कडेच्या दोन्ही ओळींनी मार खाल्ला आणि मधल्या दोन ठणठणीत. दोन्ही कडांचे डबे एकाच दिवशी, एकाच मापात बिघडतील हे मला पटेना.

तरी मशीन आधी बघावंच लागतं. पोराने ते बांधावरच उभं केलं होतं. ट्रॅक्टर सुरू करायला लावला, पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणला. पंखा घुमायला लागला, पोकळी मोजणाऱ्या घड्याळाचा काटा ५० मिलीबारच्या वर जाऊन थांबला. एका कडेच्या डब्याचं झाकण उघडून चकती हाताने फिरवली. एका बाजूला पोकळी, एका बाजूला बी. भोकाभोकाला एकेक दाणा चिकटून वर येत होता, कुठे दोन आलेच तर कंगवा एकाला खाली पाडत होता. बी लालभडक, औषध लावलेलं. २०१८ साली कर्नाटकातूनच अमेरिकन लष्करी अळी देशभर पसरली, तेव्हापासून मक्याच्या बियाला अळीचं औषधही लावतात. असं बी दमट हवेत चिकटतं, म्हणून डब्यात शंखजिऱ्याची पूड टाकतात. तीही होती. चारही डबे तपासले, एकही भोक रिकामं नाही.

अण्णांच्या आई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "वाऱ्यानं धरून ठेवतंय व्हय दाण्याला?"

"हौद्री आजी. आणि बरोबर खालच्या बाजूला आलं की वारा तुटतो, दाणा पडतो."

"आमी मूठ धरायचो चाड्यावर. आमच्या कुरीला वारा लागायचा नाही," त्या म्हणाल्या. कुरी म्हणजे जुनी बैलाची पाभर.

मी त्यांना खुरपं आणायला सांगितलं. विरळ ओळीत पाच मीटरची दोरी टाकली. वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटरला एक, म्हणजे त्यात पंचवीस दाणे सापडायला हवेत. रोपं होती दहा. उरलेली जागा उकरायला मी बसणार तोवर आजींनी खुरपं चालवलंसुद्धा.

"आजी, हळू. दाणा हलला तर खोली कळायची नाही."

"मला शिकवूलैस व्हय रे?"

शिकवायची गरज नव्हती हे लगेच कळलं. माती थरथराने सोलावी तशी त्यांनी काढली. दाणे होते. जिथे असायला हवेत तिथेच, वीत सोडून वीत. काही फुगून वाळलेले, काहींना मोड येऊन करपलेला, काहींची नुसती टरफलं, मुंग्यांनी आतून पोखरलेली. उगवलेली रोपं धरून एकूण तेवीस मिळाले. म्हणजे यंत्राने बी टाकण्यात कसूर केली नव्हती. फक्त ते सगळे दाणे पाऊण इंचावर होते. शेजारच्या भरलेल्या ओळीत उकरलं तर दाण्याची टरफलं दोन इंच खाली.

विरळ ओळीची चीर तर मिटलीच नव्हती. वरून माती वाळून भेगाळलेली आणि भेगेत बोट घातलं की थेट बी. पेरणीनंतर पावसाने आठवडाभर उघडीप दिली होती. दोन इंचांवरच्या दाण्याला खालची ओल पुरली, पाऊण इंचावरचा दाणा ओलीत फुगला आणि उन्हात मेला.

दुकानवाल्याने इथे एक चांगला प्रश्न विचारला, आणि त्या दिवसात तेवढाच. एवढं महाग मशीन, एकेक दाणा मोजून टाकतंय, मग त्याला खोली कशी कळत नाही?

या यंत्राचा सगळा इतिहासच त्या प्रश्नात आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या माणसाने १८५३ साली घोड्याच्या मका-पेरणी यंत्राचं पेटंट घेतलं. दोन ओळी एकदम. पण दाणा सोडायला पुढे एक पोरगा बसायचा आणि रानात आखलेल्या आडव्या खुणेवर यंत्र आलं की तरफ ओढायचा. पुढे त्या पोराची जागा तारेने घेतली. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी मारलेली तार ताणायची, गाठ यंत्रातून गेली की दाणे खाली. हा खटाटोप कशासाठी, तर झाडं चौकोनात उभी राहावीत आणि घोड्याचं कोळपं उभं-आडवं दोन्हीकडून चालावं. आपल्याकडे कापसाला चौफुली मारायचे तोच विचार. ओळीतलं अंतरही चाळीस-बेचाळीस इंच, कारण मधून घोडा जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आली, घोडे गेले आणि तारही गेली. ओळी तीस इंचांवर आल्या.

तोवर सगळी अक्कल दाणा मोजण्यात खर्च होत होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत वाऱ्यावर चालणारी यंत्रं आली. त्याच दशकाच्या मध्यात जॉन डिअरच्या मॅक्सइमर्ज यंत्राने ओळीचा सांगाडाच बदलला. चीर पाडायला इंग्रजी व्ही आकारात लावलेल्या दोन डिस्क, त्यांना अगदी चिकटून खोली राखणारी दोन चाकं आणि मागे चीर मिटवणारी दोन तिरकी चाकं. पोराच्या प्लँटरवर आज जे आहे ते बहुतेक तेच, जरा हलकं. यंत्रावरची प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वरखाली होते आणि तिला जमिनीत दाबून धरायला एक स्प्रिंग असते. ती स्प्रिंग किती ताणायची ते आपण हाताने ठरवायचं. मशीनला माती कळत नाही, स्प्रिंगला तर मुळीच नाही.

तिकडची आजची यंत्रं ऐकली तर विश्वास बसत नाही. अठ्ठेचाळीस ओळी, १२० फूट रुंद. चाक, साखळी, दातेरी चक्र हे सगळं काढून प्रत्येक चकतीला स्वतःची विजेची मोटर. २०१४ पासून दाणा नळीतून घरंगळत जाण्याऐवजी ब्रशच्या पट्ट्यावर धरून थेट चिरेच्या तळाशी सोडणारी यंत्रं आली, ती ताशी दहा मैलांनी पेरतात. आमच्या रस्त्यांवर भरलेली ट्रॉलीही तेवढ्या वेगात जात नाही. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो स्प्रिंगच्या जागी बसलेला हायड्रॉलिक सिलिंडर. खोलीच्या चाकावर किती भार येतोय हे सेन्सर सतत वाचतो, घट्ट माती लागली की दाब वाढवतो, भुसभुशीत लागली की सैल सोडतो, आणि हे प्रत्येक ओळीला वेगळं. सिलिंडर तर आमच्या उद्यमबागेतही बनतात, त्याला डोकं जोडायचं तेवढं राहिलंय.

ते डोकं नव्हतं म्हणून कडेच्याच ओळींना घट्ट माती का लागली, हे आम्हाला टेप लावून शोधावं लागलं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६२ इंच भरलं. टायर पंधरा इंच रुंद. म्हणजे ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला साडेअडतीस इंचांपर्यंत टायर पोचतो. आणि दोन फुटांच्या ओळी असतील तर कडेची ओळ मधल्या रेषेपासून येते बरोबर छत्तीस इंचांवर. टायरच्या चाकोरीत.

"चाकं बाहेर कधी काढलीस?" मी पोराला विचारलं.

तो आधी टेपकडे बघत राहिला. "मामाच्या लावणीच्या उसात आंतरमशागत करायला. पाच फुटी सरी आहे त्यांची. परत आत घ्यायची राहिली."

"आणि त्यानंतर किती रानं पेरलीस?"

"हे पहिलंच."

मग बाकीचं अण्णांनीच जोडलं. मृगाचा मोठा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी घात यायच्या आत, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकायच्या आत, यांनी पोराला बोलावलं, कारण परवा तो दुसऱ्या गावाला जाणार होता. ओल्या काळ्या मातीवरून टायर गेला, माती दाबून वीट झाली, मागून कडेची ओळ आली आणि तिच्या डिस्क त्यात शिरल्याच नाहीत. ओळ वर उचलली गेली. चारही स्प्रिंगा एकाच खाचेत, सगळ्यात सैल. मधल्या दोन ओळींना मोकळी माती होती, त्यांना तेवढा दाब पुरला. अवाढव्य यंत्रांनाही चाकांमागच्या ओळी छळतातच, म्हणून तर तो सिलिंडर निघाला. तिकडे एका हंगामात हजारो एकर असतात, इथे अण्णांचे तीन.

आता पुढे काय? आजी म्हणाल्या, खांडण्यांत, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागी, चवळी टोका, शेंगा तरी खाऊ. सल्ला शहाणपणाचा होता, पण मी अण्णांना विचारलं, तणनाशक मारलंय का. मारलं होतं, पेरून दुसऱ्याच दिवशी, अॅट्राझीन. मका ते पचवतो, चवळी जळते. म्हणजे नांग्या मक्यानेच भरायच्या. त्यातही माझं मत असं की एक-दोन झाडांची फट तशीच सोडावी. बारा दिवस आधी पेरलेल्या मक्याच्या सावलीत आज टोकलेला मका कायम मागे राहतो, खत-पाणी खातो आणि कणीस धरलंच तर अंगठ्याएवढं. हातभर किंवा त्याहून मोठी खांडणी असेल तिथेच रात्रभर भिजवलेलं बी टोकावं. अण्णांना ते पटलं नाही. त्यांना ओळ भरलेली दिसायला हवी होती. शेवटी आजींनी निकाल दिला की टोकणार त्याच आहेत, तेव्हा कुठे टोकायचं ते त्याच ठरवतील.

भाड्यावर मात्र अर्धा तास गेला. अण्णांचा हिशेब सोपा, चारातल्या दोन ओळी गेल्या म्हणजे निम्मं भाडं. पोराचं म्हणणं, घात नसताना बोलावलं तुम्ही. दोघांचंही खरं होतं. दुकानवाला आता कुणाच्याच बाजूने नव्हता, त्याने नांग्यांपुरतं बी वाटखर्च समजून द्यायचं कबूल केलं आणि गाडीला किक मारली. पोराने पाव भाडं सोडलं.

चाकं तिथेच जॅकवर घेऊन त्यांची डिश, म्हणजे मधली तबकडी, उलटी केली आणि टायर ५२ इंचांवर आणले. आता बाहेरची कड साडेतेहतीस इंचांवर संपते, कडेची ओळ मोकळ्या मातीत. तरी कडेच्या दोन स्प्रिंगा एक खाच पुढे ओढल्या आणि पोराला सांगितलं, प्रत्येक रानात पहिली दहा पावलं पेरून ट्रॅक्टर थांबवायचा आणि चारही ओळी उकरून बघायच्या. स्क्रीन नाही तर खुरपं ठेव ट्रॅक्टरवर.

तो नट आवळता आवळता म्हणाला, "पुढच्या वर्षी सहा ओळींचं घेऊलोय मिस्त्री. मग ही भानगडच नको, कडेची ओळ लांब जाईल की चाकापासून."

"जाईल की. मग तुझी दुसरी आणि पाचवी ओळ येईल छत्तीस इंचांवर."

त्याने पाना खाली ठेवला आणि बोटावर मोजायला लागला.