मुस्तफा कॅबिनेट, अपडेट ७: भुताचे कॉइन

मंडळी, घरी बांधत असलेल्या मुस्तफा गेमच्या आर्केड मशीनमधला (पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा तसा डबा, आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर) फुकट क्रेडिटचा चोर सापडला. अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत मी दोन माणसांवर, एका फ्रिजवर आणि सोसायटीच्या लिफ्टवर खोटा आळ घेतला. त्यातल्या एकाची माफीही मागावी लागली.

अपडेट ६ मी मोठ्या तोऱ्यात संपवलं होतं: कॉइन मेक (नाणं ओळखणारा भाग) बसला, स्क्रिप्ट (नाणं पडलं की गेमला कळवणारा छोटा प्रोग्राम) चालली, आता फक्त पॉलिश उरलंय. त्याच रात्री साडेदहाला हळद-दूध घेऊन येताना बघतो तर स्क्रीनवर तीन क्रेडिट, म्हणजे तीन नाण्यांचे डाव. कॉइनचा डबा उघडून पाहिला तर रिकामा. बाकी सगळे झोपलेले.

आता कोणी म्हणेल, तीन क्रेडिट फुकट आली तर बिघडलं कुठे? बिघडतं. आमच्याकडे गेमची वेळ नाण्यांवर चालते. आईच्या बरणीतले जुने, जाड एक रुपयाचे कॉइन. रविवारी प्रत्येकी पाच मिळतात, संपले की संपले. कन्या (वय ८) त्याचा हिशोब वहीत ठेवते आणि तिच्या वहीत घोळ चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की दादा चोरून खेळतो.

चिरंजीव अकरा वर्षांचे. कीबोर्डवर ५ दाबलं की कॉइन पडतो हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, तेव्हा मीही पुरावा न मागता झापलं. मग लॉग उघडला. (स्क्रिप्टला लॉग लिहायला लावणं हा या प्रकल्पातला माझा एकमेव शहाणपणा.) दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी एक कॉइन. त्या वेळी साहेब क्लासला. सकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी दोन. त्या वेळी साहेबांना तोफेनेही जाग येत नाही. माफी मागितली, दंड म्हणून एक पाणीपुरी.

नवीन आलेल्यांसाठी जोडणी थोडक्यात: स्टिक आणि बटणं यूएसबी एन्कोडरवर (बटण दाबलेलं पायला कळवणारा बोर्ड), कॉइन मेक मात्र थेट पायच्या जीपीआयओवर, म्हणजे सिग्नल वाचायच्या पिनांवर. मेकला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर, ग्राउंड कॉमन. मेक नाणं ओळखतो, आउटपुटची वायर क्षणभर ग्राउंडला खेचतो, स्क्रिप्ट ते पाहून इम्युलेटरला (जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला) ५ पाठवते. पायच्या आतला पुल-अप (एरवी वायर वर, ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रोध) चालू केलेला. साधं काम, म्हणून तर डोक्यात जात होतं.

पहिला इलाज सगळे करतात तोच केला, बाउन्सटाइम (सिग्नलची थरथर गाळण्यासाठी स्क्रिप्टमध्ये ठेवतात ती वेळ) वाढवला. ५० मिलिसेकंदांवरून १००, मग २००, मग ३००. भूत जिथल्या तिथे. उलट खरे दोन कॉइन पाठोपाठ टाकले तर दुसरा गायब होऊ लागला आणि कन्येच्या वहीत नवी तक्रार चढली. तीन रात्री या आकड्याशी खेळण्यात गेल्या. चौथ्या रात्री डोकं ठिकाणावर आलं: पिना वाचणाऱ्या आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीतला बाउन्सटाइम पहिली एज (सिग्नल वर-खाली होण्याचा क्षण) गाळतच नाही. पहिली एज आली की तो कॉलबॅक (कॉइन नोंदवणारा स्क्रिप्टचा तुकडा) मारून मोकळा होतो आणि *नंतरच्या* एज ठरलेल्या वेळापुरत्या दुर्लक्षित करतो. म्हणजे पहिलीच एज खोटी असेल तर कॉइन पडलाच. दार सताड उघडं ठेवून आत शिरणाऱ्या दुसऱ्या माणसाला अडवण्यातला प्रकार. हे ज्याला आधीच माहीत होतं त्याने कृपया मनातच हसावं.

मग विजेवर संशय. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना पाहत बसलो: काही नाही. मिक्सरवर शेंगदाणे फिरवले: काही नाही, कूट मात्र झालं. लिफ्टची मोटर आमच्याच मजल्याच्या डोक्यावर आहे, म्हणून चिरंजीवांना पाच वेळा वर-खाली पाठवलं. काही नाही, आणि वॉचमन काकांनी विचारलं की मुलगा रुसलाय का. पायचा अ‍ॅडॅप्टरही बदलून पाहिला. (पंधरा वॅटचा अधिकृतच घ्या, मोबाइलचे चार्जर लावून स्क्रीनवर कमी व्होल्टेजचं विजेचं चिन्ह बघत बसू नका. हे मी अपडेट २ पासून सांगतोय.)

मागच्या शुक्रवारी लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभा होतो, मोबाइलवर लॉग चाळत. सहा दिवसांच्या वेळा एकाखाली एक लावल्या. सकाळी सहा-सव्वासहा. साडेसात. दुपारी पावणेपाच-पाच. रात्री आठ. मधेच एखादी रात्री साडेदहाची, पण रोज नाही. हे वेळापत्रक मला ओळखीचं वाटत होतं आणि कुठलं ते आठवत नव्हतं. मुंब्र्याच्या बोगद्यात आठवलं. हा आमच्या घरचा चहा आहे!

साडेदहाची माझी हळद-दुधाची वेळ. म्हणजे त्या पहिल्या रात्री कॉइन टाकणारा मीच.

कॅबिनेट पॅसेजमध्ये आहे, पाठ भिंतीला. त्या भिंतीपलीकडे ओटा, ओट्यावर शेगडी, शेगडीशेजारी खिळ्याला लायटर. घरी पोचलो, बूटही न काढता म्हटलं, "आई, जरा लायटर मार."

"गॅस चालू करू?"

"नको, नुसता मार."

टक्. टक्. टक्. तिसऱ्याला पॅसेजमधून कॉइन पडल्याचा आवाज. मी नाचलो असं बायकोचं म्हणणं आहे. मला आठवत नाही. तिचं दुसरं म्हणणं असं, की घरात दिवसातून किती वेळा चहा होतो ते मोजायला चौदा महिने खर्चून मशीन बांधणारा डोंबिवलीत मी एकटाच असेन.

झालंय काय ते बघा. लायटरमध्ये स्फटिक असतो. आतला हातोडा त्यावर आपटला की हजारो व्होल्टची ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो. जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली ती अशाच ठिणगीच्या लहरींवर, आणि आमची भिंत तर चार इंची विटांची. पलीकडे माझी कॉइनची वायर: एकेरी, जवळजवळ दोन मीटर, कॅबिनेटच्या पाठीवर ऐसपैस फिरवलेली. अँटेना म्हणून मुद्दाम लावली असती तरी इतकी चांगली लागली नसती. त्यात पायच्या आतला पुल-अप पन्नास किलोओहमच्या आसपास, म्हणजे वायरला धरून ठेवणारा हात अगदीच लुळा. ठिणगी पडली की वायर क्षणभर खाली जाते, एज दिसते, कॉलबॅक पळतो, कॉइन.

खरं तर हे मला सुचायला हवं होतं. आमच्या लहानपणी स्टेशनजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये एक दादा लायटरमधली ती टिकटिकी काढून खिशात ठेवायचा आणि कॉइनच्या फटीशी धरून दाबायचा. पाचातून एकदा क्रेडिट लागायचं. पार्लरवाल्याने त्याला पकडलं तेव्हा सगळ्यांसमोर त्याचं दप्तर झाडलं होतं, त्यातून तीन टिकटिक्या पडल्या. तीस वर्षांनी तीच युक्ती माझ्या आईने माझ्यावर केली, तीही भिंतीपलीकडून.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने केली, म्हणजे कशाने किती फरक पडतो ते कळेल. प्रत्येक टप्प्याला आईचे वीस लायटर. पहिल्या स्थितीत विसातून सात कॉइन. मग एकेरी वायर काढून जुन्या लॅन केबलमधली एक पिळलेली जोडी टाकली, एक तार सिग्नल, दुसरी ग्राउंड, दोन्ही मेकपासून पायपर्यंत एकत्र. सातावरून तीन. मग ३.३ व्होल्टला बाहेरून एक किलोओहमचा पुल-अप. तिनावरून एक. (३.३ लाच हं. ५ किंवा १२ ला लावलात तर पिनेचा अंत्यविधी, अपडेट ४ मधली शहीद पिन आठवा.) शेवटी पायच्या बाजूला, पिनेच्या अगदी जवळ, सिग्नल ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कॅपॅसिटर, तोच तो १०४ लिहिलेला, रुपया-दोन रुपयांना मिळणारा. शून्य. पुन्हा वीस. शून्य. आई म्हणाली, "लायटर बिघडला तर नवा आणून द्यायचा."

स्क्रिप्टही सुधारली, कारण हार्डवेअरवर आंधळा विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. एज आली की वीस मिलिसेकंद थांबायचं आणि पिन पुन्हा वाचायची. अजून खाली असेल तरच कॉइन. माझ्या मेकचा पल्स (वायर खाली राहण्याचा वेळ) लॉगमध्ये पन्नास मिलिसेकंदांच्या वर दिसतो, ठिणगीचा खेळ त्याच्या कितीतरी आधी आटोपलेला असतो, त्यामुळे गल्लत होत नाही. बाउन्सटाइम परत ५० वर. पाठोपाठचे कॉइन मोजले जातायत. वही जुळली.

मेकवरून आठवलं. तुलना करणारा, म्हणजे आत नमुन्याचं नाणं अडकवायचा जो स्वस्त प्रकार आहे, त्याबद्दल मागे दोघांनी विचारलं होतं. घ्या, पण नाणं विचार करून निवडा. मी नमुना लावला जुन्या रुपयाचा, २५ मिलिमीटरवाला. कन्येने त्यात दोनाचं नाणं टाकलं आणि त्याने गपकन गिळलं. २०११ च्या मालिकेतलं दोनाचं नाणं व्यासाने, वजनाने आणि धातूनेही जुन्या रुपयासारखंच आहे, मशीन बिचारं काय करणार. क्रेडिट एकच मिळालं. एक रुपया परत द्यायला मला डबा उघडावा लागला आणि वहीत माझ्या नावावर लाल शेरा आला.

आता आनंदाची बातमी: पॅनेल झालं! अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्नॅप-इन बटणं बसत नाहीत, ती पातळ पत्र्यासाठी असतात, हे रडगाणं तुम्ही ऐकलंय. उपाय आमच्या सुताराकडे निघाला. कपाटाच्या ऑटो हिंजला जो ३५ चा बिट वापरतात, तोच खालच्या बाजूने, प्लाय चारेक मिलिमीटर उरेपर्यंत. त्याआधी मधून बारीक आरपार छिद्र, म्हणजे वरून ३० चा होल सॉ (गोल छिद्र पाडणारी करवत) बरोबर केंद्रावर येतो. वरून मारताना सनमायकावर मास्किंग टेप आणि वेग कमी. सतरा छिद्रं, एकही टवका नाही. सतरावं झाल्यावर मी आणि सुतार दोघे दोन मिनिटं नुसते बघत उभे होतो. ऑनलाइन मागवलेल्या होल सॉचे दात मात्र दुसऱ्याच छिद्राला गेले होते. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून दीडपट पैशांत आणला आणि तो अजून धारदार आहे. टी-मोल्डिंगचा (प्लायच्या कडेत बसवायच्या प्लॅस्टिक पट्टीचा) नाद मी सोडला. बाजूंना एज बँड इस्त्रीने चिकटवलाय, लांबून कळत नाही आणि जवळून बघणाऱ्याला मी चहा देणार नाही.

इथवर लिहून थांबणार होतो. पण रविवारी पहिल्यांदा भूतमुक्त मशीनवर मुस्तफा लावला. (नाव माहीत नसलेल्यांसाठी: कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. हे नाव मी पार्लरमध्ये कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही. पिवळ्या टोपीवाल्याच्या नावावरच गेम चालायचा.) चिरंजीव मुस्तफा, कन्या हॅना, आणि मी मागे उभा. कन्या मागे वळून म्हणाली, "बाबा, तू पण ये ना."

आणि हा गेम मुळात तिघांचा आहे. आपल्या पार्लरमधल्या दोन स्टिकच्या डब्यांनी हे आपल्याला विसरायला लावलं.

त्यामुळे पॉलिश रद्द. होय, वर ज्या पॅनेलचं कौतुक केलं तेच पॅनेल. तिसऱ्या खेळाडूला स्टिक आणि दोनच बटणं लागतात, मारायचं आणि उडी, पण सध्याच्या पॅनेलच्या ६० सेंटिमीटर रुंदीत तीन माणसांचे खांदे मावत नाहीत. पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवला आणि तिघे बसून पाहिलं: ७५ ला कन्येचं कोपर चिरंजीवांच्या बरगडीत जातं. ८२ ला पॅसेजमधून वॉशिंग मशीन नेता येणार नाही, असं बायकोने टेपने मोजून दाखवलं.

एन्कोडरही तीन नकोत. दोनच आहेत तर रीबूटनंतर कधी कधी पहिला दुसरा होतो, कारण दोघे सिस्टिमला एकच नाव सांगतात, जुळ्या भावांसारखे. वर नाव काय, तर झिरो डिले. आता पिको (पायचा धाकटा भाऊ, छोटा बोर्ड) घेऊन त्यावर जीपी२०४०-सीई (त्याला गेम कंट्रोलर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा विचार आहे, प्रत्येक खेळाडूला एक. आणि कॉइनची वायरही पायऐवजी एखाद्या पिकोवरच का न आणावी, हे आत्ता लिहिता लिहिता सुचतंय. वायर दोन मीटरवरून वीत-दीड वितीवर येईल. मग कॅपॅसिटर लागेल का? लावेनच.

शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातोय: तीन पिको, एक स्टिक, १०४ चं पाकीट. सुताराला अजून सांगितलेलं नाही. कोणी तीन स्टिकचं पॅनेल ८० च्या आत बसवलं असेल तर मधली स्टिक थोडी पुढे घेतली होती की तिन्ही एका रेषेत ठेवल्या, तेवढं सांगा. प्लाय कापायच्या आत.